एक टोला जास्त

आमच्या आष्ट्याच्या घरात माजघराच्या भिंतीवर टोल्यांचे एक जुने घड्याळ आहे. काटे बिनचूक चालतात, पण टोला एक जास्त पडतो. आठ वाजता नऊ, अकरा वाजता बारा. बाराला तेरा टोले देण्याची मात्र त्याची छाती होत नाही. तेव्हा ते एकच टोला देऊन गप्प बसते. वडिलांनी ते दोन-तीनदा दुरुस्त करून आणले. महिना-पंधरा दिवस ते शहाण्यासारखे वागे आणि मग एखाद्या पहाटे पाचाला सहा टोले देऊन मोकळे होई. शेवटी वडील म्हणाले, "राहू दे. एक टोला आपणच वजा करू." तेव्हापासून आमच्या घरात जन्मलेल्या आणि लग्न होऊन आलेल्या प्रत्येक माणसाला ही वजाबाकी येते.

घड्याळाची ही कुळकथा आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तिची गरज पडणार आहे. आता त्या घड्याळाखालच्या फळीवर बसलेल्या रेडिओकडे वळतो.

आष्टा हे वाळवे तालुक्यातले, सांगलीहून पेठनाक्याकडे जाणाऱ्या सडकेवरचे गाव. कृष्णेचा काठ जवळ, शिवारात ऊस आणि हळद, आणि वर्षातून एकदा भावईचा उत्सव, ज्याच्यासाठी परगावी गेलेला आष्टेकर कुठूनही धावत येतो. १९६३ साली सांगलीला आकाशवाणीचे केंद्र निघाले आणि आमच्या घरात रेडिओ घेण्याची भाषा सुरू झाली. तोवर शेजारच्या वाड्यात जाऊन पुणे, मुंबई, धारवाड आणि थोरल्यांची नजर चुकवून सिलोन, असे जे कानी पडेल ते आम्ही ऐकत असू. अखेर एकदाचा रेडिओ आला. पोस्टातून त्याचा परवाना काढला गेला. आईने त्याच्यासाठी क्रोशाचे झाकण विणले. घरात नवी सून यावी तसे त्याचे कौतुक झाले. किंबहुना थोडे जास्तच झाले, हे आता कळते.

त्या काळी रेडिओने बोलायचे आणि आपण ऐकायचे, असा साधा व्यवहार होता. आपले काही त्याच्या कानावर घालायचे तर कार्ड टाकावे लागे, आणि तेही फार तर एखाद्या गाण्यासाठी. माझ्या थोरल्या बहिणीने अशी कितीतरी कार्डे टाकली. एकदा तिचे नाव लागले, पण गावाचे नाव 'आष्टा'ऐवजी 'आष्टी' असे वाचले गेले! केंद्र कोणते ते सांगत नाही. पण बहीण आठ दिवस त्या दुसऱ्या गावावर चिडून होती.

आपल्या तक्रारी आपल्या तोंडाने रेडिओवर सांगाव्यात ही कल्पनाच कुणाला शिवली नव्हती. आपल्यासाठी त्या दुसरे कुणी सांगत. मुंबई केंद्रावरच्या 'पुन्हा प्रपंच'मध्ये बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी रोजच्या अडचणींवर असे काही बोलत, की आमची आई हातातले काम टाकून म्हणे, "अगदी खरं गं बाई!" आपल्या मनातले टेकाडे भावजींना कसे कळते, याचे तिला नवल वाटे.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट मला चांगली आठवते. कोयनेच्या भूकंपाने आम्हाला अंथरुणातून उठवून अंगणात आणले. पानशेत फुटून जेमतेम सहा वर्षे झाली होती. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि आम्ही त्याच कृष्णेच्या खालच्या अंगाला. तेव्हा प्रत्येकाच्या मनात एकच शंका, धरण राहिले की गेले? वडिलांनी रेडिओ उंबऱ्यापर्यंत ओढून आणला आणि आळीतली सगळी माणसे धोतरे-लुगडी सावरीत त्याच्याभोवती बसली. आम्हाला काय झाले ते आम्हालाच रेडिओकडून कळायचे होते. तुमचे काय झाले, असे त्याने आम्हाला विचारावे, असे कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

पुढे नव्वदच्या दशकात घरोघर टेलिफोन आले आणि रेडिओ ऐकूही लागला. विविध भारतीच्या 'हॅलो फर्माइश'मध्ये गाण्याआधी दोन शब्द होत. कुठून बोलता, काय करता, तुमच्याकडे पाऊस आहे का? सुरुवातीला लोक पावसाचेच सांगत. पण माणसाला एकदा विचारले की तो पावसावर थांबत नाही. पाऊस नाही, म्हणून विहीर आटली. विहीर आटली, म्हणून मुलीचे लग्न पुढे गेले. लग्न पुढे गेले, म्हणून बायको बोलत नाही, आणि गाणे कोणते ते तुम्हीच लावा! मग खास बोलण्यासाठीच कार्यक्रम निघाले. खाजगी वाहिन्या आल्या, त्यांवर प्रेमभंगावर औषध देणारे वैद्य आले. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही छोटी केंद्रे काढण्याची मुभा मिळाली आणि आमच्याच मुलखात, माण तालुक्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग, जत तालुक्यातल्या जालिहाळला येरळावाणी, अशी गावची माणसे गावच्याच बोलीत बोलू लागली. शेतीपंपाला वीज रात्रीची, म्हणून मध्यरात्री पाण्याची पाळी धरणारा शेतकरी, मुलगा परदेशी असलेले म्हातारे जोडपे, दहावीत तिसऱ्यांदा नापास झालेला पोरगा, असे सगळे या फोनवर भेटतात.

हे आपल्याकडेच आहे असेही नाही. फ्रान्समध्ये १९६७ साली मेनी ग्रेगवार नावाच्या बाईंनी आर.टी.एल. या केंद्रावर दुपारचा असाच एक कार्यक्रम सुरू केला. नवऱ्याशी पटत नाही, सासू छळते, मूल होत नाही, अशा गोष्टी बायका नाव न सांगता तिथे बोलत, आणि सारा देश स्वयंपाकघरात उभा राहून ऐके. १९८१ पर्यंत तो चालला. हजारो पत्रे आली; ती आजही तिथल्या दप्तरखान्यात जपून ठेवलेली आहेत.

ही सगळी माहिती मजजवळ होती आणि तिचा मला थोडा गर्वही होता. पुण्यात, निवृत्तीनंतरच्या लांबलचक सकाळी, मी असे कार्यक्रम चवीने ऐकत असे. म्हणजे खरे सांगायचे तर हसण्यासाठी ऐकत असे. "हे बघ," मी आमच्या कुटुंबाला म्हणायचो, "घरात सांगायचे ते माणसे चव्हाट्यावर सांगतात. यांना घरात कुणी नाही का?" त्यावर ती एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "असतील की. पण घरातल्यांना वेळ कुठे असतो?" मी रेडिओचा आवाज वाढवला, कारण मधेच बोलल्याने माझे एक वाक्य हुकले होते.

आता त्या सकाळकडे येतो.

२००९ चा डिसेंबर होता. जमिनीच्या कागदांवर सह्या करायला मी आष्ट्याला गेलो होतो. तिथे दादा आणि वहिनी असतात. दादा सकाळीच उसाच्या तोडीवर गेला. दाढी वाढली होती, म्हणून मी वहिनींना म्हटले, "जरा सलूनमध्ये जाऊन येतो. आणि हो, जेवायला माझ्यासाठी काही वेगळं करू नका."

सलूनमध्ये माझ्याखेरीज तिघे होते. एक खुर्चीत, दोघे बाकावर वर्तमानपत्राची पाने वाटून घेऊन. आरशावर उदबत्ती आणि कोपऱ्यात रेडिओ. त्यावर असाच एक फोनचा कार्यक्रम चालू होता. केंद्राचे आणि कार्यक्रमाचे नाव मुद्दामच सांगत नाही. त्या दिवशीचा प्रश्न होता, तुम्हाला राग कशाचा येतो? कुणाला शेजाऱ्याच्या भोंग्याचा येत होता, कुणाला जावयाचा. माझा नंबर लागला, गालावर साबण चढला, तेवढ्यात एका बाईंचा फोन लागला.

"ताई, आधी तुमच्या रेडिओचा आवाज बंद करा," निवेदिका म्हणाली.

"केला, केला. बोलू का?"

"बोला की. कुठून बोलताय?"

"आष्ट्याहून. नाव नको सांगायला."

बाकावरच्या दोघांनी वर्तमानपत्रे खाली केली. गावचे नाव आले की कान टवकारतातच.

"राहू दे नाव. राग कशाचा येतो?"

"मला ना, भाजीचा राग येतो."

"भाजीचा?"

"म्हणजे आज भाजी काय, ह्या प्रश्नाचा. बत्तीस वर्षं झाली. रोज सकाळी मी विचारते, भाजी काय करू? उत्तर ठरलेलं, काहीही कर. आणि ताटात पडली की दुसरं ठरलेलं, हीच का?"

सलून हसले. "बरोबर हाय की ओ बाईचं," खुर्चीतला म्हणाला, "आमच्यात बी ह्येच." मीही हसलो. आवाज ओळखीचा वाटला. पण रेडिओवर असे वाटतेच, आणि अशा आवाजाच्या बायका आमच्या भागात पुष्कळ आहेत.

"आणि पाहुणे आले की विचारूच नका," बाई रंगात आल्या होत्या. "आता पुण्याचे पाहुणे आलेत. ते म्हणतात, माझ्यासाठी काही वेगळं करू नका. असं कुणी म्हटलं की ताई, वेगळं करावंच लागतं!"

यावर मी इतका मोठ्याने हसलो की वस्तरा थबकला. पुण्याचे पाहुणे कुठेही गेले तरी असेच, असे मी बोलूनही दाखवले. आणि त्याच क्षणी रेडिओतून टोले ऐकू येऊ लागले. एक, दोन, तीन... संथ, जरा घोगरे. मी नकळत मोजत गेलो. बारा.

"अगंबाई ताई, तुमच्याकडे बारा वाजले वाटतं?" निवेदिका हसत म्हणाली. "आमच्याकडे आत्ताशी अकरा होताहेत."

"नाही हो," बाई म्हणाल्या, "एक वजा करायचा."

"काका, हलू नका," सलूनवाला मला म्हणाला.

मी हललो नाही. गळ्यावर वस्तरा असताना माणूस काय हलणार? पण आरशातला तो साबण लावलेला चेहरा मला बघवेना.

निवेदिका चांगली होती. आता वाटते, तिने तो टोल्यांचा विनोद वाढवून फोन ठेवला असता तर बरे झाले असते. आणि लगेच वाटते, बरे झाले तिने ठेवला नाही. तिने सहज विचारले, "सगळ्यांच्या आवडीचं झालं. तुम्हाला स्वतःला कोणती भाजी आवडते?"

रेडिओवरचे मौन फार लांब असते. घरात माणूस गप्प बसले तर भांडी वाजतात, कुकरची शिट्टी होते. तिथे काहीच होत नाही.

"आठवतच नाही बघा," वहिनी म्हणाल्या. आणि मग, "चाकवताचं गरगट. माझी आई करायची. डाळ-दाणे घालून हाटायची, नि वरनं लसणाची फोडणी."

"मग करता की नाही?"

"आमच्यात कुणी खात नाही. एकटीसाठी काय करायचं?"

"मग आईंकडेच जाऊन खायचं!"

"आई गेली. वैशाखात."

निवेदिका काही बोलली नाही. कात्री थांबली होती.

"तेव्हा घरात लग्न होतं, आठ दिवसांवर आलेलं. आम्हा लेकींना सुतक तीन दिवसांचं. चौथ्या दिवशी परत आले नि लाडवांना बसले. लग्नघरात रडायचं नसतं ना ताई. तेराव्याला जायचं, तर त्या दिवशी आमच्याकडे मांडवपरतणं. मग पाऊस, मग गौरी-गणपती, मग दिवाळी. आता सात महिने झाले. आता रडले तर म्हणतील, हिला हे आत्ता काय सुचलं?"

लग्न माझ्या मुलीचे होते. थोरले घर म्हणून आष्ट्यातच करायचे असा आग्रह माझा होता. वहिनी माहेराहून परतल्या त्या दुपारी मी अंगणात मांडववाल्याशी भावाची घासाघीस करत होतो. त्यांना पाहून "आलात? बरं झालं" असे म्हणाल्याचे मला आठवते. ते कशाला बरे झाले म्हणालो, हे त्यांनाही समजले असणार. नंतर येईल-जाईल त्याला मी सांगत होतो, "वहिनींनी कमाल केली, एवढं झालं तरी चेहऱ्यावर दाखवलं नाही." निघताना त्यांना चांगली साडी घेतली. पलूसच्या बाजूला त्यांचे माहेर, आष्ट्याहून असे काही लांब नाही. तिथे समाचाराला जायचे मात्र राहून गेले. राहून गेले, असे आपण म्हणतो.

निवेदिकेने उपदेश केला नाही. वेळ भरत आली असावी, तरी तिने विचारले, "आईंच्या हाताचं काय काय आठवतं?" आणि वहिनी दोन मिनिटे सांगत राहिल्या. आईची उखळी, परसातला शेवगा, लग्नाच्या आदल्या रात्री आईने डोक्याला लावलेले तेल. रडल्या नाहीत. शेवटी "गाणं कोणतं?" असे विचारल्यावर गडबडल्या आणि म्हणाल्या, "कुठलंही लावा." आणि स्वतःच हसल्या, "बघा, मीही तेच म्हणाले."

गाणे लागले. बाकावरच्या एकाने वर्तमानपत्राची घडी घातली. सलूनवाल्याने माझ्या गालावर तुरटी फिरवत विचारले, "कुणाच्या घरातली असंल ओ, काका?"

"काय माहीत," मी म्हणालो.

हे वाक्य मी नंतर पुष्कळदा आठवले आहे. वहिनींनी नाव लपवले, ते घराच्या अब्रूसाठी. मी ओळख लपवली ती कशासाठी, याचे इतके चांगले उत्तर माझ्याजवळ नाही.

घरी आलो तेव्हा पान वाढलेले होते. माझ्यासाठी वेगळी भाजी केलेली होती. दादा यायचा होता. वहिनींचा चेहरा रोजच्यासारखा होता. मी दोन घास खाल्ले. कुठून सुरुवात करावी ते कळेना, म्हणून म्हणालो, "वहिनी, ते घड्याळ एकदा नीट करून आणू का? टोले लांबपर्यंत ऐकू जातात."

त्यांच्या हातातला डाव तसाच राहिला.

"तुम्ही कुठं होता?"

"सलूनमध्ये. तिथे रेडिओ असतो."

"अगंबाई." त्या पाटावर टेकल्या. "किती जण होते?"

"चौघे. मी धरून."

त्यांनी मनाशी काही हिशेब केला. मग पदराने कपाळ टिपून हळूच म्हणाल्या, "भाऊजी, घरी सांगू नका हं."

जिथवर त्या केंद्राच्या लहरी पोचत होत्या तिथवरच्या ट्रकमध्ये, गोठ्यांत, स्वयंपाकघरांत ते सांगून झाले होते. फक्त घरी सांगायचे नव्हते. मी हसायला हवे होते. पुण्यात असतो तर हसलोही असतो.

"नाही सांगत," मी म्हणालो. आणि मग सात महिन्यांपूर्वी विचारायचे ते विचारले, "आईंना शेवटी काय झालं होतं, वहिनी?"

त्या आधी म्हणाल्या, "जाऊ द्या, जेवा तुम्ही." मग सांगू लागल्या. माझा हात ताटात वाळला. मधे एकदा घड्याळाने दोन टोले दिले, म्हणजे एक वाजला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारातून चाकवताच्या चार जुड्या आणल्या. पिशवी पाहून वहिनी म्हणाल्या, "अहो, एवढं कोण खाणार? आणि तुम्हाला तर उग्र लागतो." लागतो खरा. लहानपणी मी चाकवताचे ताट सरकवून उठत असे, आणि आई म्हणे, ह्याच्यासाठी वेगळं काहीतरी करा.

"मी खातो," मी म्हणालो.

त्या जुड्या सोडून निवडायला बसल्या. मला बसून राहवेना, म्हणून मीही चार काड्या निवडल्या. त्या त्यांनी मागाहून पुन्हा निवडल्या. लसूण सोलण्याचे काम मात्र माझ्याकडे ठेवले. लसणाची फोडणी चरचरली तशी त्यांनी मान फिरवली आणि धूर डोळ्यांत गेला असे म्हणाल्या. मी खिडकी उघडली नाही.

तेवढ्यात दादा शेतावरून आला. पडवीत पाय धुताना त्याने नेहमीप्रमाणे विचारले, "आज भाजी काय?"

"चाकवत!" वहिनी आतून म्हणाल्या.

पडवीत तांब्या वाजला आणि बराच वेळ काहीच ऐकू आले नाही.